डावं तीन, डावं पाच

याआधी आमच्या कंपनीने फळं कापायचा खेळ काढला होता. त्यातली कलिंगडं मी रंगवली. एकाही कलिंगडाने फोन करून "अहो, मी असं नव्हतं" असं सांगितलं नाही. ते दिवस सुखाचे होते, हे तेव्हा कळलं नाही.

मग मालकांना रॅली सुचली. रॅली म्हणजे मोर्चा नव्हे, गाड्यांची शर्यत. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून एकेक गाडी सोडतात, आणि जी कमीत कमी वेळात पोचते ती जिंकते. टीव्हीला कन्सोल जोडायचा, टेबलाला स्टिअरिंग अडकवायचं आणि घरबसल्या दरीत पडायचं, असा एकंदर बेत. बाजारात असे खेळ ढिगाने पडलेत, हे मी सांगून पाहिलं.

"आपला अस्सल असेल," मालक म्हणाले.

हा शब्द त्यांना कुठल्याशा परिषदेत मिळाला होता. तेव्हापासून ते तो पाण्याच्या बाटलीलाही लावत.

अस्सलपणासाठी त्यांनी एक खरा रस्ता निवडला. एके काळी तिथे दर वर्षी रॅली व्हायची आणि जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलताना खुर्चीत पुढे सरकून बसतात. निवडताना एक किरकोळ गोष्ट मालकांच्या नजरेतून सुटली. तो रस्ता आता नाही. शेजारच्या दगडखाणीने आधी डोंगराची कूस खाल्ली, मग पाठ, आणि शेवटी रस्त्यासकट माथा. मी जाऊन पाहून आलो. ज्या वळणावर लोक टाळ्या वाजवत उभे राहायचे ते आता हवेत आहे. खाली हिरवं डबकं आहे, आणि त्यात अर्धा बुडालेला एक डंपर.

"मग तर उत्तमच," मालक म्हणाले. "आपल्याशिवाय तो कुणाकडेच नाही."

जुने फोटो जमवले. सगळे फोटो गाड्यांचे. धूळ, चाकं, नंबरप्लेट, हात हलवणारी माणसं. रस्त्याचा फोटो काढावा असं एकाही शहाण्याला वाटलं नव्हतं. जुना नकाशा मिळाला, पण त्यातली रस्त्याची रेघ इतकी जाड होती की तिच्या जाडीत कुठलंही वळण निवांत मावलं असतं. शेवटी मालक म्हणाले, माणसं शोधा. त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळा जिंकलेली जोडी हयात आहे. एक ड्रायव्हर आणि एक को-ड्रायव्हर. दोघांना बोलवा, रस्ता विचारा, आणि खेळाच्या खोक्यावर दोघांच्या सह्या छापू. वर ओळ: 'हाच तो रस्ता'.

"दोघांच्या," त्यांनी पुन्हा सांगितलं. "एकाची सही म्हणजे आठवण झाली. दोघांच्या म्हणजे पुरावा."

या वाक्याने माझा पुढचा सगळा मोसम खाल्ला.

ड्रायव्हर आधी आले. साठी उलटलेले, टायरच्या दुकानाचे मालक, हाताचे पंजे सुपाएवढे. आमची कचेरी फरशांच्या शोरूमच्या वर तिसऱ्या मजल्यावर आहे. ते जिने चढून आले, धापा टाकत खुर्चीत बसले, आणि बसल्याबरोबर सीटबेल्ट शोधल्यासारखा हात खांद्यामागे नेला. मग स्वतःवरच चिडले.

रस्ता त्यांनी झकास सांगितला. इथे खडी, इथे ओढा, इथे माकडं असायची, माकडं काढा. मी काढत गेलो. पाण्याच्या एका टाकीपाशी आल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"आता नीट काढायचं. टाकी गेली की डावीकडे..." त्यांनी पंजा टेबलावर ठेवला आणि मनगटातून मोडल्यासारखा वळवला. "कोपरा. घराला असतो ना, तसा."

"रस्त्याला इतका कोपरा?"

"इतका. थोडा जास्तच काढा."

मी काढला. जाताना त्यांनी दारात वळून विचारलं, "तुम्ही त्यालाही बोलावणार आहात का?"

"कुणाला?"

"बायकोच्या भावाला."

तोवर मला ठाऊक नव्हतं की जोडीतला को-ड्रायव्हर त्यांचा सख्खा मेहुणा आहे. मी होय म्हटलं. ते म्हणाले, "बोलवा. त्याला विचारा टाकी कुठल्या रंगाची होती. बघा सांगता येतं का." आणि जिना उतरून गेले.

मेहुणे दोन दिवसांनी आले. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, बस टर्मिनसवर कोणती गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार ते माइकवरून सांगायची नोकरी. आवाज असा की त्यांनी "पाणी मिळेल का?" विचारलं तरी आपण सामान गोळा करायला लागावं.

"आमच्या दाजींनी काय काय सांगितलं?" ही त्यांची पहिली ओळ. तेव्हापासून कचेरीत ड्रायव्हरना सगळे दाजी म्हणू लागले.

मी आधी सोपं विचारलं. "टाकी कुठल्या रंगाची होती?"

"टाकीला रंग होता?"

"रस्त्यालगत झाडं कसली होती?"

"असतील काहीतरी."

"नदी?"

"आवाज यायचा."

"अहो, तुम्ही त्या रस्त्यावरून किती वेळा गेलात?"

"असंख्य. पण मी वर कशाला बघू?" त्यांना माझ्या अज्ञानाचं खरोखर वाईट वाटलं. "मी वही वाचणार की निसर्ग बघणार?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. शर्यतीच्या आधी दोघं तोच रस्ता सावकाश फिरतात. ड्रायव्हर प्रत्येक वळण पाहतो आणि त्याला आकडा देतो. एक म्हणजे जवळजवळ उलटं फिरायचं, सहा म्हणजे नावापुरतं वळण. को-ड्रायव्हर तो आकडा आणि पुढच्या वळणापर्यंतचे मीटर वहीत लिहून घेतो. शर्यतीत मात्र गाडी इतकी वेगात असते की बघून वळायला वेळच नसतो. को-ड्रायव्हर मान खाली घालून वळण येण्याआधी आकडा वाचतो, आणि ड्रायव्हर त्या आकड्यावर विश्वास ठेवून स्टिअरिंग फिरवतो.

"आणि तुम्ही एकदाही वर बघितलं नाही?"

"वर बघणारा को-ड्रायव्हर आणि न सांगता ब्रेक मारणारा ड्रायव्हर, दोघांनी घरी बसावं," मेहुणे म्हणाले. "मग टाकीनंतरचं डावं दाखवा बघू, दाजींनी कसं काढायला लावलंय."

दाखवलं.

"हा कोपरा आहे."

"हो, ते म्हणाले घराला असतो तसा."

"त्यांच्या घराला असेल. इथे केळं होतं. मला बुडाखाली कळतं. केळ्यासारखं, लांबट. डावं पाच. वहीत आहे."

वही त्यांनी आणली होती. वहीत खरोखर स्वच्छ अक्षरात 'डावं पाच' होतं. मी म्हटलं, मग संपलंच की. मेहुण्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाकडे बघत असणार.

शेवटच्या रॅलीत, त्याच टाकीपुढच्या डाव्या वळणावर, त्यांची गाडी बाहेर गेली होती. दोघं वाचले, गाडी नाही. वहीत पाच लिहिलं होतं, मेहुण्यांनी पाच वाचलं, दाजींनी पाच ऐकलं, इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. पुढे दाजींचं म्हणणं असं की वळण तीनचं होतं, पाहणीत आपण तीनच सांगितलं, लिहिणाऱ्याने पाच लिहिलं. मेहुण्यांचं म्हणणं असं की वळण पाचचंच होतं, दाजींनी सांगितलंही पाचच, फक्त त्या दिवशी त्यांना ते घेता आलं नाही. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. वळण खाणीने खाल्लं. पंच वारले. निकाल लावायला कुणी उरलं नव्हतं.

आता मी होतो. कलिंगडवाला.

मी वळण तीव्र काढलं तर मेहुणे दोषी. सौम्य काढलं तर दाजी. आणि हा निकाल घरोघरी टीव्हीवर रंगीत दिसणार होता.

त्यानंतरचे आठवडे आठवले की अजून माझा डावा डोळा फडफडतो. दाजी दुकानातून दाराच्या बिजागरीचे, कपाटाच्या कडेचे, गुडघ्यात वाकवलेल्या स्वतःच्या पायाचे फोटो पाठवायचे. सोबत 'असं' एवढंच लिहिलेलं. मेहुणे बोलून निरोप पाठवायचे, त्याच टर्मिनसच्या सुरात. "कृपया नोंद घ्यावी. टाकीपुढील डावं वळण पूर्ववत पाच करण्यात यावं." मागे खऱ्या बसचे हॉर्न. एकदा मी घरी तो निरोप मोठ्याने लावला तर सासूबाई चपला घालून तयार झाल्या.

मी वळण उघडायचो, थोडं ताणायचो. दाजी येऊन बघायचे आणि पाणीही न पिता जायचे. मी पुन्हा दुमडायचो. मेहुणे येऊन बघायचे आणि "ठीक आहे. माझंच चुकलं असं छापा," म्हणून जायचे. दोघं एकाच दिवशी कधी आले नाहीत. ती काळजी ते मला विचारून घेत.

"ते मंगळवारी येतात का?"

"मंगळवारी दाजी."

"मग मी बुधवारी. बरं, त्यांचा गुडघा कसा आहे?"

"मला काय माहीत?"

"चालताना बघायचं ना जरा. जिना कसा चढतात ते."

आणि मंगळवारी दाजी. "तो येऊन गेला का? खोकत होता का? खोकू दे म्हणावं. पण खोकत होता का?"

एक दिवस दुपारी ताई आल्या. दाजींची बायको, मेहुण्यांची थोरली बहीण. औषधांच्या दुकानात काउंटरवर बसतात. त्यामुळे समोरचा माणूस काय सांगतोय यापेक्षा त्याला काय झालंय ते आधी बघतात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झोप नाही ना? दोघं नाही देत कुणाला."

मी चहा मागवला. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंत येतो. वर येत नाही. मी खाली जाते, फाटकात उभं राहून बोलते. हे वर पडद्याआड उभे. मी वर आले की विचारतात, काय म्हणत होता? काही नाही, म्हटलं की चिडतात. मुलीच्या लग्नात मामा मांडवाच्या बाहेर खुर्ची टाकून बसला होता. आत वाढप चाललंय आणि मी दोन्हीकडे ताटं नेतेय. वीस वर्षं मी फाटकातच आहे हो."

"ताई, मी काय करू ते तरी सांगा."

"ते मला कसं कळणार? मी गाड्यांतली नाही. एवढं कळतं की तुमचं ते वळण एकाच्या बाजूने गेलं की दुसरा फाटकापर्यंतही यायचा नाही. आणि जिंकलेला घरात एकटा बसून जिंकेल. त्याला काय चाटायचंय?" त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "तुम्ही काढायचं ते काढा. फक्त दोघांसमोर एकदमच दाखवा. आणायचं काम माझं."

मी मालकांकडे गेलो. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या कंपन्या चालवणारी माणसं ज्या तत्परतेने उपाय सुचवतात तसा सुचवला.

"एक म्हणतो तीन, एक म्हणतो पाच. चार करा."

"चार कुणीच म्हणत नाही."

"म्हणूनच. कुणाचीच बाजू घेतली नाही."

मी फोनवर दोघांना चार विचारून पाहिलं. दाजी म्हणाले, "चार? म्हणजे मी सांगितलं तेही चूक आणि त्याने लिहिलं तेही चूक? आम्ही काय बागेत फिरायला गेलो होतो?" मेहुण्यांनी हेच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं ऐकवलं, फक्त अधिक स्पष्ट उच्चारात. वीस वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट असावी, आणि ती माझ्याविरुद्ध होती.

मी चार केलं आणि कुणाला सांगितलं नाही. आणखी काय करणार? एका वळणावर मी त्या रस्त्याच्या बाकी सगळ्या वळणांपेक्षा जास्त दिवस घालवले होते, आणि छपाईवाला सह्या मागत होता.

ठरलेल्या दिवशी ताईंनी दोघांना आणलं. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा दुसरा येणार नाही असं प्रत्येकाला सांगितलं असावं, कारण आमच्या दारात समोरासमोर आल्यावर दोघं एकदमच "मी नंतर येतो" म्हणाले आणि एकदमच जिन्याकडे वळले. ताई जिन्यात उभ्या होत्या. त्या जिन्यात दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. वास्तुरचनाकाराचा मी पहिल्यांदा आभारी झालो.

आमची चाचणीची खोली म्हणजे पूर्वीचं चहाचं स्वयंपाकघर. भिंतीवर मोठा टीव्ही, समोर टेबल, टेबलाला स्टिअरिंग, खाली पेडल. खालच्या शोरूमवाल्याने आम्हाला सवलतीत गुळगुळीत फरशी बसवून दिली आहे. त्यामुळे ब्रेक दाबला की पेडल सरळ भिंतीपर्यंत घसरत जातं. म्हणून कुणीतरी टेबलाखाली बसून ते धरून ठेवावं लागतं. अशा कामांना कंपनीत सर्वात ज्येष्ठ माणूस लावतात. मी टेबलाखाली बसलो.

दाजी स्टिअरिंगपाशी बसले. मेहुणे शेजारच्या खुर्चीत, वही उघडून, मान खाली. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. ताई मागे फ्रिजला टेकून. मालक दारात, फोन उभा धरून, जाहिरातीसाठी चित्रीकरण करत.

"मशीनमधला माणूस आकडे सांगेलच," मी खालून म्हटलं. "वहीची गरज नाही."

"मशीनच्या माणसाला गप्प करा," दाजी म्हणाले.

गप्प केलं. टीव्हीवर दिवे विझले आणि गाडी सुटली.

"शंभर. उजवं चार, लांब." मेहुण्यांचा आवाज टर्मिनसचा नव्हताच. कोरडा, भराभर, जणू कुणीतरी खिळे ठोकतंय. "साठ. डावं दोन, आत घे. ओढा. सरळ, ऐंशी."

वर काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं. मला दाजींचे बूट दिसत होते. सुरुवातीला ते चाचपडले, एकदा दोन्ही पेडलं एकदम दाबली, टीव्हीतून कुंपण मोडल्याचा आवाज आला, मालक "वा!" म्हणाले. मग हळूहळू बूट शांत झाले. आकडा यायचा आणि बूट हलायचा. आकडा, बूट. आकडा, बूट. मधे विचार करायला कुणी जात नव्हतं.

"उजवं सहा. पन्नास. टाकी."

आता 'डावं पाच' यायला हवं होतं. वहीत तेच होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

आणि माझ्या हातातलं पेडल दबलं. पूर्ण, तळापर्यंत. पेडल मागे रेटलं गेलं, मी त्याच्यासोबत घसरलो आणि माझं डोकं टेबलाच्या पायाला आपटलं. त्याच वेळी वर मेहुणे ओरडले.

"तीन! दाजी, तीन!"

आधी ब्रेक, मग आवाज. मध्ये पापणी लवेल एवढंच अंतर असेल, पण मला ते हातात कळलं आणि नंतर टेंगळाच्या रूपाने टिकलंही. मी डोकं चोळत बाहेर आलो. टीव्हीवर गाडी अगदी मुंगीच्या चालीने वळणातून बाहेर पडत होती. मेहुण्यांची वही खाली पडली होती, आणि ते टीव्हीकडे बघत होते. मान वर करून, डोळे फाडून. टाकी निळी होती, मी रंगवलेली.

मालकांचा फोन अजून तसाच उभा होता.

दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. खेळात गाडी कडेला उभी करायची काही सोय नाही. त्यांनी केली. बावीस वर्षं ज्या एका शब्दासाठी ते थांबले होते तो शब्द आत्ता चारचौघांत, चित्रीकरण चालू असताना, त्यांच्या कानात पडला होता. आता ते काय बोलणार, या धास्तीने मी पेडलाची वायर गुंडाळायला घेतली.

"पाच होतं," दाजी म्हणाले.

"काय?"

"पाच होतं ते, मास्तर. उगाच ब्रेक मारायला लावलास. मजेत गेली असती."

मेहुण्यांना कुणी मास्तर म्हणतं हे मला तेव्हा कळलं. फ्रिजकडून एक बारीक आवाज आला. ताईंनी तोंडावर हात ठेवला होता.

"नाही दाजी," मेहुणे म्हणाले. "तीनच. मी आत्ता बघितलं ना. तुम्ही तीनच सांगितलं असणार. माझ्याच हातून..."

"तू गप. तुला काय दिसतंय? तू आयुष्यात पहिल्यांदा वर बघतोयस. मला विचार. हे पाच आहे. त्या दिवशी माझाच हात हलला."

"हात कसा हलेल तुमचा? तुमचा हात कधी हललाय?"

"आता टायर उचलताना हलतो."

"ते आता. तेव्हाचं बोला. तीन."

"पाच म्हणतोय ना मी!"

पडद्यावरचं वळण चारचं होतं. हे सांगायची ती वेळ नव्हती, आणि नंतर कधी आलीच नाही. ब्रेक आधी दाबला गेला होता, हेही मी सांगितलं नाही. मला कुणी विचारलंच नाही. दोघांनीही आपापल्या धंद्यातला एकुलता एक नियम मोडला होता आणि दोघंही आता दुसऱ्याच्या बाजूने हिरिरीने भांडत होते.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "झालं ना? मिटलं ना? मग सह्या घ्या."

मी कागद पुढे केला. दाजींनी चष्मा लावला. "वळण पाच करा. मग सही."

"तीन करा," मेहुणे म्हणाले. "त्याशिवाय मी हात लावणार नाही."

मी ताईंकडे बघितलं. त्या डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. अशा अवस्थेतल्या माणसाकडून काही मदत होत नाही.

म्हणजे आधी दाजींसाठी तीन आणि मेहुण्यांसाठी पाच करायचं होतं. आता दाजींसाठी पाच आणि मेहुण्यांसाठी तीन. एवढ्या दिवसांच्या मेहनतीने आमची प्रगती एवढीच झाली होती की आकड्यांनी माणसं बदलली होती. दोघं जिना उतरतानाही वाद घालत होते. "आधी तुम्ही, गुडघा सांभाळा." "तू हो पुढे, खोकतोयस किती." शोरूमवाला बाहेर येऊन विचारून गेला, वर काही मारामारी झाली का?

त्या आठवड्यात मी वळण पाचचं करून दाजींना पाठवलं. त्यांनी ते घरी मेहुण्यांना दाखवलं. "घरी" हा शब्द माझ्या नंतर लक्षात आला. मेहुण्यांचा निरोप आला, कृपया नोंद घ्यावी. तीनचं करून मेहुण्यांना पाठवलं, दाजींनी मला फोन करून असं काही सुनावलं की मी दोन दिवस टायरच्या दुकानासमोरून जाणं टाळलं.

शेवटी मालक खरोखर चिडले. छपाई थांबली होती, वितरक ओरडत होता. माझी कलिंगडांत बदली करू, असं ते म्हणाले. मी आशेने वर बघितलं, पण ती धमकी होती. तेव्हा मला सुचलं, आणि सुचलं ते रागातून सुचलं. मी शर्यतीची शेवटची रेघ उचलली आणि टाकीच्या अलीकडे आणून ठेवली. टाकी दिसते, ध्वज दिसतो, टाळ्या वाजतात, शर्यत संपते. त्या पुढच्या रस्त्यावर मी धुकं सोडलं. दाट, कोरं, सगळ्यांना सारखं.

दोघांना दाखवलं. दोघांनी तीनदा खेळून बघितलं.

"इथपर्यंत बरोबर आहे," दाजी म्हणाले.

"इथपर्यंत शंका नाही," मेहुणे म्हणाले, आणि दोघांनी सह्या केल्या. एकाच पेनाने. पेन मालकांनी ठेवून घेतलं, अस्सल म्हणून.

खेळ बाजारात आला. बरा चालला. लोकांनी तक्रारी केल्या की हा रस्ता ऐन रंगात आल्यावर अचानक संपतो. मालकांनी प्रत्येकाला उत्तर धाडलं की ही आमची कल्पक मांडणी आहे. एकाला ते पटलंही.

परवा ताईंचा फोन आला. मागे टीव्हीचा घोंगाट, इंजिनाची किंकाळी आणि तो खिळे ठोकल्यासारखा आवाज. "साठ! डावं दोन! आत घे, आत!"

"ऐकू येतंय ना?" ताई म्हणाल्या. "प्रत्येक सुटीच्या दिवशी हेच. सकाळी येतो तो, सोफ्यावर दोघं, चहा तिथेच, जेवण तिथेच. शर्यत संपली की मग खरी सुरू होते. तीन होतं. नाही रे, पाच होतं. मी चुकलो. तू कसा चुकशील, मीच चुकलो. एकमेकांची माफी मागताना आवाज केवढा चढतो! खालच्या मजल्यावरची बाई काल विचारत होती, तुमच्याकडे कोण पाहुणे आहेत हो एवढे भांडकुदळ?"

"पण ताई, तुम्हाला तर हेच..."

"मी कुठे नाही म्हणतेय?" त्या फिस्कारल्या. मग थोडं थांबून, दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते फळं कापायचं तुम्ही काढलं होतं ना, ते एकट्याने खेळता येतं का? आणि कानाला लावायचं काही मिळत असेल, तर तेही सोबत द्या."